डेरेक शॅकल्टन : सलग २० हंगाम, दर हंगामात १०० बळी. यात त्याचं किती, पावसाचं किती?

यष्टीमागून

काउंटी क्रिकेटच्या जुन्या धाग्यावर हॅम्पशर काउंटीचा मध्यमगती गोलंदाज शॅकल्टन याचं नाव दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा गाडी अँडरसन–ब्रॉडवर घसरली. म्हणून हा वेगळा धागा. कृपया इथे तरी शॅकल्टनबद्दलच बोलूया.

आधी आकडे. प्रथम श्रेणीचे सामने ६४७, बळी २८५७, सरासरी १८.६५. १९४९ ते १९६८ या वीस हंगामांत दर हंगामाला १०० किंवा जास्त बळी, एकदाही खाडा नाही. विल्फ्रेड ऱ्होड्सने हंगामात शंभरी २३ वेळा गाठली, पण ओळीने वीस हंगाम फक्त शॅकल्टनचे.

आता दुसरी बाजू. कसोटी ७, बळी १८, सरासरी ४२.६६.

या दोन ओळी एकाच माणसाच्या आहेत हे पटायला वेळ लागतो. तेव्हा खेळपट्ट्या उघड्या असायच्या, पावसात भिजायच्या. सामन्यांची संख्याही आजच्या दुपटीहून जास्त. मग २८५७ मधलं गोलंदाजाचं नेमकं किती? जाणकारांनी सोडवून सांगावं. "महान होता" एवढाच प्रतिसाद नको.

स्कोअरबुक

सुरुवातीपासून घेऊ, कारण त्याची सुरुवातच मजेशीर आहे. जन्म १२ ऑगस्ट १९२४, टॉडमॉर्डन. यॉर्कशर आणि लँकेशरची जुनी हद्द ज्या गावातून जायची तेच हे गाव. हॅम्पशरने त्याला घेतलं ते फलंदाज म्हणून, जमलंच तर थोडा लेगस्पिन टाकेल या हिशोबाने. १९४८ मध्ये क्लबकडे सीम (चेंडूची शिवण) वापरून टाकणाऱ्यांची इतकी चणचण होती की कर्णधार डेस्मंड ईगरने असतील नसतील त्या सगळ्यांना नेट्समध्ये मध्यमगती टाकून बघायला लावलं. त्यातून शॅकल्टन सापडला. पुढच्याच वर्षी, १९४९ ला, १०० बळी आणि फलंदाजीत ९१४ धावा! 'डबल' (एका हंगामात १०० बळी आणि १००० धावा) ८६ धावांनी हुकली. नंतर गोलंदाजीचा भार एवढा वाढला की फलंदाजी मागे पडत गेली.

हॅम्पशरची परंपराही लक्षात घ्या. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात अ‍ॅलेक केनेडी आणि जॅक न्यूमन या जोडीने असाच गाडा ओढला होता. केनेडीचे एकूण बळी २८७४, म्हणजे शॅकल्टनपेक्षा १७ जास्त. मात्र निव्वळ हॅम्पशरसाठी शॅकल्टन पुढे आहे : २६६९. हा काउंटीचा विक्रम आहे, आणि सामने इतके घटल्यावर तो आता मोडणार कोण?

पिचकरी आबा

"पावसाचं किती" हा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर जरा खोलात जाऊन द्यावं लागेल. उघडी खेळपट्टी म्हणजे गोलंदाजाला लॉटरी, असा आपल्याकडे समज आहे. तसं नसतं.

पाऊस पडून खेळ पुन्हा सुरू झाला की पहिला काही वेळ खेळपट्टी पार भिजलेली असते. चेंडू त्यावर घसरतो, पकड घेत नाही, फलंदाजाला त्रास नाही. खरी गंमत ऊन पडून ती वाळायला लागते तेव्हा. वरची साय सुकते, खाली ओल असते. चेंडू पडला की मातीत रुततो, थांबून येतो, उसळतो. ही वेळ डावखुऱ्या फिरकीची, आणि कटर (बोट बाजूने ओढून वळवलेला मध्यमगती चेंडू) टाकणाऱ्याची.

दुसरी गोष्ट सकाळची. दमट हवा, गवताचा हिरवा थर, खाली मऊ माती. चेंडूची सीम पडते तिथे बारीक खळगा पडतो. दुपारी ऊन लागलं की तोच खळगा कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पडलेला चेंडू खाली राहतो किंवा उडतो. म्हणजे पहिल्या दिवशी एकाच टप्प्यावर पन्नास चेंडू टाकणारा गोलंदाज पुढच्या डावासाठी स्वतःची खेळपट्टी स्वतःच तयार करत असतो. टप्पा विखुरलेला असेल तर हा फायदा मिळत नाही. पाऊस सगळ्यांसाठी सारखाच पडायचा. वीस वर्षं सलग शंभर बळी मात्र एकालाच मिळाले.

तिसरी गोष्ट सहसा कोणी मोजत नाही : गोलंदाजाच्या पायाखालची जमीन. पावसानंतर रन-अप ओला, वर लाकडाचा भुसा टाकलेला. वीस-बावीस पावलं धावत येणाऱ्याला तिथे पाय रोवता येत नाही, त्याचा वेग निम्मा होतो. आखूड रन-अपच्या मध्यमगतीवाल्याचं काही अडत नाही. कर्णधार चेंडू कोणाकडे देणार?

खेळ चालू असतानाही खेळपट्टी पूर्ण झाकण्याची पद्धत काउंटी क्रिकेटमध्ये १९८१ पासून आली. म्हणजे शॅकल्टनची अख्खी कारकीर्द उघड्यावर गेली.

लाँगलेगवाला

आबा, खळग्याचा मुद्दा आवडला. पण टाकत काय होता हा माणूस? स्विंग, सीम की कटर?

ओव्हर द विकेट

तिन्ही. पण मूळ शस्त्र सीम.

पकड अशी : पहिलं आणि मधलं बोट सीमच्या दोन्ही अंगांना, दोन्हींत थोडी फट, अंगठ्याची कड खाली बरोबर सीमवर. चेंडू तळहातात खुपसायचा नाही, बोटांच्या पेरांवर राहू द्यायचा. सोडताना मनगट चेंडूच्या सरळ मागे हवं. बोटं शेवटच्या क्षणी चेंडूला मागून खाली ओढतात, त्यामुळे चेंडू उलटा फिरत जातो आणि सीम उभी राहते. मनगट डावी-उजवीकडे जरा कललं की सीम डुगडुगते. मग चेंडू सीमवर पडायचा तो कातड्यावर पडतो आणि सरळ जातो. नेट्समध्ये बहुतेकांचं चुकतं ते इथेच. दहा चेंडूंत चार-पाच सीमवर पडतात, बाकीचे नुसते 'मध्यमगती' होतात.

सीमवर पडलेला चेंडू आत येईल की बाहेर जाईल हे खुद्द गोलंदाजालाही ठाऊक नसतं. ज्याला तो टाकणाराच ओळखत नाही त्याला फलंदाज काय ओळखणार! गोलंदाजाच्या हातात फक्त टप्पा आणि दिशा. ऑफ यष्टीच्या माथ्यावर जाईल एवढा पुढचा टप्पा, ना ड्राइव्हला पुरेसा पुढे, ना मागे जाऊन खेळायला पुरेसा आखूड. बाकीचं सीमवर सोडून द्यायचं.

अ‍ॅक्शन पूर्ण आडवी. डावा खांदा फलंदाजाकडे, डाव्या हाताच्या मागून नजर, हात कानाला घासून वर. अशा अ‍ॅक्शनमधून आउटस्विंग आपोआप निघतो. मग तोच हात, तोच वेग, आणि बोट जरा बाजूने ओढलं की ऑफकटर आत. ओलसर खेळपट्टीवर हे मिश्रण म्हणजे जिवाला घोर.

आणि हो, यष्टिरक्षक लिओ हॅरिसन त्याला यष्टींना खेटून उभा राहायचा. हे वाटतं तेवढं साधं नाही. मध्यमगतीवाल्याचा टप्पा बिघडवायचा सोपा उपाय म्हणजे क्रीजच्या एक-दोन फूट पुढे उभं राहणं. मागे यष्टिरक्षक चिकटून असला की ते दार बंद. पण त्यासाठी गोलंदाज इतका नेमका हवा की यष्टिरक्षकाला लेगच्या बाहेर झेपा घ्याव्या लागू नयेत.

आडवी बॅट

सगळं मान्य, पण मी विरोधी बाकावर बसतो. ६४७ सामन्यांत २८५७ म्हणजे सामन्याला ४.४ बळी. हा काही थरकाप उडवणारा दर नाही. केंटचा टिच फ्रीमन ५९२ सामन्यांत ३७७६, म्हणजे ६.४! एकट्या १९२८ च्या हंगामात त्याचे ३०४ बळी आहेत. आपल्या पद्माकर शिवलकरांचे १२४ सामन्यांत ५८९, म्हणजे ४.७५. म्हणजे दर सामन्याच्या हिशोबात शिवलकर शॅकल्टनच्या पुढे, आणि त्यांना तर एकही कसोटी मिळाली नाही. शॅकल्टनला निदान सात मिळाल्या. मग एवढं कौतुक कशाचं?

स्कोअरबुक

भागाकार बरोबर, निष्कर्ष चुकला.

त्याने टाकलेले चेंडू सुमारे १ लाख ५९ हजार. षटकं करा : साडेसव्वीस हजार. वीस हंगामांत वाटा : हंगामाला तेराशेच्या वर. इंग्लिश हंगाम मेच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे १८ आठवडे. आठवड्याला बहात्तर षटकं. वीस वर्षं.

वेळापत्रक पाहिलं की धडकी भरते. तीन दिवसांचे सामने : एक बुधवार-गुरुवार-शुक्रवार, दुसरा शनिवार-सोमवार-मंगळवार. रविवार तेवढा मोकळा. मंगळवारी संध्याकाळी खेळ संपवून सामान बांधायचं आणि रात्रीचा प्रवास करून बुधवारी सकाळी दुसऱ्या गावात पहिलं षटक टाकायचं. काउंटी चॅम्पियनशिपचे २८ सामने, काही हंगामांत काही संघांना ३२. वर पाहुण्या परदेशी संघाविरुद्धचे, विद्यापीठांविरुद्धचे वेगळे. ६४७ ला २० ने भागा, हंगामाला ३२ सामने येतात. म्हणजे दुखापतीने महिनाभर बसला असं जवळपास झालंच नाही.

आणि धावा? षटकामागे जेमतेम दोन. फ्रीमन लेगस्पिनर होता, धावा देऊन बळी घ्यायचा. शॅकल्टन एक टोक लावून धरायचा आणि दुसऱ्या टोकाचा गोलंदाज त्यावर जगायचा. आधी व्हिक कॅनिंग्ज, मग वेगवान बुच व्हाइट, शेवटी बॉब कॉटम. समोरून धावा निघत नाहीत म्हणून फलंदाज यांच्यावर तुटून पडायचे आणि बाद व्हायचे. ते बळी शॅकल्टनच्या खात्यात नाहीत.

शिवलकरांशी तुलना मला आवडली, फक्त कारण वेगळं आहे. दोघांचाही धंदा एकच : तोच टप्पा, तीच दिशा, समोरच्याचा संयम सुटेपर्यंत.

मधली यष्टी

पायचीतचा नियमही यात धरायला हवा. त्या काळी ऑफ यष्टीच्या बाहेर पडून आत येणाऱ्या चेंडूवर पायचीत मिळायचं, पण पॅडला चेंडू यष्टींच्या रेषेत लागला तरच. पॅड ऑफच्या बाहेर असेल तर फलंदाजाने बॅट बगलेत मारून नुसता पाय पुढे केला तरी तो सुरक्षित! फटका न खेळता पॅड पुढे करणाऱ्याला बाद द्यायची तरतूद १९७० नंतर आली. तोवर शॅकल्टन निवृत्त.

थोडक्यात, खेळपट्टी गोलंदाजाच्या बाजूने होती असं म्हणताना नियम फलंदाजाच्या बाजूने होता हेही म्हणा. आत येणाऱ्या कटरचे किती बळी या पॅडने खाल्ले असतील!

लाँगलेगवाला

+१. हा मुद्दा आकडेवारीच्या चर्चेत कायम सुटतो.

यष्टीमागून

छान चाललंय. आता कसोटीकडे या. सात कसोटींत १८ बळी. निवडसमितीचा अन्याय म्हणायचा की तो तिथे चालत नव्हता?

तिसरा पंच

दोन तुकडे करा. पहिल्या तीन कसोटींत मिळून ३ बळी. मग तब्बल ११ वर्षांचा खंड. नंतर १९६३ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध ४ कसोटींत १५.

पहिली कसोटी १९५०, ट्रेंट ब्रिज, वेस्ट इंडीजविरुद्ध. वॉरेलच्या २६१ धावा, वीक्सच्या १२९, इंग्लंड १० गडी राखून हरलं. मजा म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या डावातल्या २२३ मध्ये सर्वाधिक धावा शॅकल्टनच्याच : ४२. दुसरी १९५१ ला ओव्हलवर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध.

तिसरी आपल्या घरची. १९५१ चा नोव्हेंबर, दिल्ली, फिरोजशाह कोटला. हटन, कॉम्प्टन, बेडसर आले नव्हते, नायजेल हॉवर्डच्या हाताखाली दुय्यम संघ आला होता. इंग्लंडचा पहिला डाव २०३ वर आटोपला. सदाशिव शिंदे यांनी लेगस्पिनवर ९१ धावांत ६ बळी घेतले. मग विजय मर्चंट १५४ आणि विजय हजारे नाबाद १६४, तिसऱ्या गड्यासाठी २११ ची भागीदारी. भारताने ६ बाद ४१८ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात अ‍ॅलन वॉटकिन्स नऊ तास खेळून नाबाद १३७ काढून बसला म्हणून सामना अनिर्णित. मर्चंट यांची ती शेवटची कसोटी, क्षेत्ररक्षणात खांदा गेला. शॅकल्टनला त्या दौऱ्यात पुन्हा कसोटी मिळाली नाही, पुढची थेट १९६३ ला.

पिचकरी आबा

कोटलावर त्याचं का चाललं नाही हे वरच्याच हिशोबाने कळतं. कोरडी, टणक, गवत नसलेली खेळपट्टी. सीम रुतायला ओल नाही, खळगा पडायला माती मऊ नाही. मैदानाच्या खरबरीत जमिनीवर चेंडूचं कातडं तासाभरात घासून जातं आणि सीम दबते. हवा कोरडी, स्विंग थोडा वेळच. उरतं काय, तर मध्यमगती सरळ चेंडू. समोर हजारे आणि मर्चंट! दोघंही उशिरा खेळणारे, अंगाजवळ खेळणारे, पुढे येऊन टप्पा मोडायची घाई नसणारे. मध्यमगतीवाल्याला सर्वांत नकोसा फलंदाज हाच.

त्याच खेळपट्टीवर शिंदे यांना सहा बळी मिळाले, कारण मनगटी फिरकीला खेळपट्टीची ओल लागत नाही.

आडवी बॅट

मग मी म्हणालो ते हेच की! परिस्थिती अनुकूल असेल तरच.

ओव्हर द विकेट

थांबा. मग १९६३ चं काय?

लॉर्ड्सवर ३८ व्या वर्षी बोलावलं. पहिल्या डावात ९३ धावांत ३, आणि तेही डावाच्या शेवटी चार चेंडूंत तीन! दुसऱ्या डावात ७२ धावांत ४. बुचरने १३३ काढून वेस्ट इंडीजला ५ बाद २१४ वर नेलं होतं. शेवटच्या सकाळी ट्रूमन आणि शॅकल्टनने उरलेले पाच गडी १५ धावांत गुंडाळले. सर्वबाद २२९. इंग्लंडला २३४ हव्या होत्या, म्हणून तो सामना इतका रंगला.

आणि शेवट सगळ्यांना पाठ आहे. वेस्ट इंडीजच्या हॉलचं शेवटचं षटक, ८ धावा हव्यात. चौथ्या चेंडूवर शॅकल्टन हुकतो, चेंडू यष्टिरक्षक मरेकडे, अ‍ॅलन धाव मागतो. मरे चेंडू जवळच्या वॉरेलकडे देतो. वॉरेल फेकत नाही, चेंडू हातात धरून नॉनस्ट्रायकरच्या टोकाकडे शर्यत लावतो आणि जिंकतो. शॅकल्टन धावबाद. मग हात प्लास्टरमध्ये घेतलेला काउड्री उतरतो आणि अ‍ॅलन उरलेले दोन चेंडू खेळून काढतो. सहा धावा कमी, एक गडी शिल्लक, अनिर्णित.

वॉरेलचा जन्म १ ऑगस्ट १९२४, शॅकल्टनचा १२ ऑगस्ट. अकरा दिवसांचं अंतर असलेले दोन अडतीस वर्षांचे गडी बावीस यार्डांत पळत होते. १९५० ला ज्याने २६१ ठोकल्या त्यानेच १३ वर्षांनी धावबाद केलं.

तिसरा पंच

मधल्या अकरा वर्षांत संधी का नाही? बेडसर होता, तोही मध्यमगती आणि जास्त उंच. तो गेला तोवर स्टॅथम, ट्रूमन, टायसन, लोडर. चौथा सीमर म्हणून ट्रेव्हर बेली, जो फलंदाजीही करतो. पाच दिवसांच्या सामन्यात सपाट खेळपट्टीवर बळी काढायला वेग हवा हा निवडसमितीचा हिशोब होता आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. अन्याय वगैरे मला वाटत नाही. इंग्लंडकडे तेव्हा गोलंदाजांची रेलचेल होती, एवढंच.

स्कोअरबुक

काउंटीत परतूया, त्याची खरी जागा तीच. दोन आकडे लिहून ठेवा.

१९५५, वेस्टन-सुपर-मेअरचं क्लॅरेन्स पार्क, विरुद्ध सॉमरसेट : ११.१-७-४-८. वाचायची पद्धत नवीन मंडळींसाठी : ११ षटकं आणि वर १ चेंडू, त्यातली ७ निर्धाव, ४ धावा, ८ बळी. म्हणजे ६७ चेंडूंत ४ धावा. दुसऱ्या डावात २५ मध्ये ६. सामन्यात २९ धावांत १४!

१९६०, पोर्ट्समथ, विरुद्ध वॉरिकशर : ३० धावांत ९. डावातली ही त्याची सर्वोत्तम कामगिरी.

मधली यष्टी

सॉमरसेटच्या त्या बाहेरगावच्या मैदानांवर कधीकधी भयंकर खेळपट्ट्या निघायच्या. १९५३ मध्ये बाथला बर्टी ब्यूजचा बेनिफिट सामना लँकेशरविरुद्ध होता, तो पहिल्याच दिवशी संपला. तीन दिवसांची तिकीटविक्री बुडाली. आणि बेनिफिट सामन्याचा खर्च ज्याचा बेनिफिट त्याच्याच बोडक्यावर!

लाँगलेगवाला

हे बेनिफिट प्रकरण जरा उलगडून सांगाल का? शॅकल्टनसारख्याचं पोट कशावर चालायचं?

मधली यष्टी

पगार बेताचा आणि मुख्यतः उन्हाळ्यापुरता. खरी पुंजी बेनिफिटची. क्लबची टोपी मिळून दहाएक वर्षं झाली की क्लब एक हंगाम त्या खेळाडूच्या नावे करायचा. घरच्या एका सामन्याची गेटची रक्कम, मैदानात फिरवलेल्या डब्यातले पैसे, वर्षभर गावोगावच्या क्लबांविरुद्ध मैत्रीचे सामने. त्यातून पंचांचा, पोलिसांचा, तिकीटवाल्यांचा खर्च वजा. म्हणून लोक पावसाचा विमा काढायचे आणि तारीख निवडताना सुट्टीचा सोमवार किंवा शेजारच्या काउंटीचा सामना मागायचे.

करही नव्हता. केंटच्या जेम्स सेमूरचा बेनिफिट १९२० चा. तो कज्जा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९२७ मध्ये निकाल लागला की ही लोकांची भेट आहे, पगार नव्हे. मात्र खेळाडूच्या करारात बेनिफिट लिहिलेला असेल तर तो पगार धरला जायचा. त्यामुळे क्लब लेखी काहीच द्यायचे नाहीत. परिणाम काय, तर दहा वर्षं निमूट गोलंदाजी करायची आणि समितीच्या मर्जीवर राहायचं. २०१७ पासून नियम बदलला, १ लाख पौंडांच्या वर कर लागतो.

तिसरा पंच

त्यात हौशी आणि व्यावसायिक असा भेद होताच, तो १९६२ च्या हंगामानंतर संपला. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, व्यावसायिकाची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्सवर टिटमसची आद्याक्षरं कार्डावर चुकून आधी छापली, तर लाउडस्पीकरवरून दुरुस्ती जाहीर केली होती!

शॅकल्टन कार्डावर 'शॅकल्टन, डी.' आणि त्याचा कर्णधार 'ए. सी. डी. इंगलबी-मॅकेन्झी'.

ओव्हर द विकेट

इंगलबी-मॅकेन्झीचा विषय निघाला तर १९६१ सांगायलाच हवं. हॅम्पशर १८९५ पासून चॅम्पियनशिपमध्ये, आणि पहिलं विजेतेपद १९६१ ला.

त्या हंगामात प्रयोग म्हणून फॉलोऑन (खूप मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला लावणं) बंद केला होता. म्हणजे मोठी आघाडी असली तरी पुन्हा फलंदाजी करून डाव घोषित करायचा आणि समोरच्याला लक्ष्य द्यायचं. इथे कर्णधाराची छाती लागते. इंगलबी-मॅकेन्झी जुगारी वृत्तीचा, लक्ष्य मोहात पाडणारं द्यायचा. तीन तासांत अमुक धावा, या, खेळा. पण असा जुगार खेळायला गाठीला बँक लागते. एका टोकाला षटकामागे दोन धावा देणारा माणूस असला की समोरचा संघ पाठलाग करतो दुसऱ्या टोकाकडून, तिथे गडी जातात, आणि गरज वाढत गेली की शेवटी शॅकल्टनवर बॅट फिरवावीच लागते. हॅम्पशरने त्या वर्षी १९ सामने जिंकले, त्यातले निम्म्याहून जास्त अशा घोषणांवर.

बोर्नमथच्या डीन पार्कवर डर्बीशरला हरवून किताब नक्की झाला. शेवटच्या डावात शॅकल्टनचे ३९ धावांत ६. कौतुक कर्णधाराच्या दिलदार घोषणांचं झालं, आणि ते रास्तही आहे. पण तिजोरी सांभाळणारा दुसराच होता.

आडवी बॅट

बरं, हा युक्तिवाद पटला. मग शेवटची शंका. तेराशे षटकं वीस वर्षं टाकून पाठ मोडत कशी नाही? आजची पोरं चाळीस षटकांत स्कॅनला जातात.

ओव्हर द विकेट

वेग कमी हे एक कारण. दुसरं अ‍ॅक्शन. पाठीचा ताणफ्रॅक्चर बहुधा कमरेच्या खालच्या मणक्यांत होतो, चौथ्या-पाचव्यात, आणि हात उजवा असेल तर डाव्या अंगाला. कारण मिश्र अ‍ॅक्शन : मागचा पाय टेकताना कंबर समोर, खांदे आडवे, आणि मग हात फिरताना खांदे कंबरेच्या उलट पिळले जातात. कपडा पिळल्यासारखं. दर चेंडूला तोच पीळ, त्याच हाडावर.

शॅकल्टनचे कंबर आणि खांदे दोन्ही आडवे, एका रेषेत. पीळ नाही. रन-अप छोटा, शेवटची उडी लहान, पुढचा पाय आपटत नव्हता. १९६३ च्या हंगामात पुढच्या पायाच्या नोबॉलचा प्रयोग आला तेव्हा पाय घसटत टाकणाऱ्या वेगवान मंडळींची मोजमापं बिघडली, याला फरक पडायचं कारणच नव्हतं.

तिसरं कारण मला वाटतं ते जिम नव्हे, सातत्य. हाडाला एकाच प्रकारचा मध्यम भार रोज मिळाला तर ते सोसतं. दोन महिने शून्य आणि मग एकदम पन्नास षटकं, हे सोसत नाही.

यष्टीमागून

आज कोणी जवळ जाईल?

स्कोअरबुक

गणित करा. आज चॅम्पियनशिपचे १४ सामने, गुणिले ४.४, म्हणजे ६२. शॅकल्टन स्वतः आज खेळला असता तरी साठ-पासष्टवर थांबला असता. १९६९ ला चॅम्पियनशिपचे सामने २४ वर आले तेव्हापासून शंभरी दुर्मीळ झाली. १९८२ मध्ये हॅम्पशरच्याच माल्कम मार्शलने १३४ घेतले, ती चीजच वेगळी. ससेक्सच्या मुश्ताक अहमदने २००३ ला १०३ आणि २००६ ला १०२. त्यानंतर कोणी नाही. मार्शल आणि मुश्ताक सामन्याला सहाच्या वर बळी घेत होते. म्हणजे शंभरीसाठी आज शॅकल्टनपेक्षा जास्त घातक गोलंदाज लागेल.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर : दर सामन्याचे ४.४ बळी, त्यात पावसाचा वाटा नक्की आहे, खुशाल कापा. पण ६४७ हा आकडा पूर्ण त्याचा. तो पावसाने दिलेला नाही.

पिचकरी आबा

आणि २०२३ पासून काही हंगामांत काही फेऱ्या नेहमीच्या ड्यूक्स चेंडूऐवजी कूकाबुरा चेंडूने झाल्या. कूकाबुराची सीम लवकर दबते. त्या फेऱ्यांतले मध्यमगतीवाल्यांचे हाल बघा, कोटलाचं चित्र घरबसल्या दिसेल.

लाँगलेगवाला

निवृत्तीनंतर काय केलं त्याने?

तिसरा पंच

१९६८ ला पूर्णवेळ खेळ संपवला. १९६९ ला संडे लीग ही रविवारची एकदिवसीय स्पर्धा सुरू झाली : ४० षटकं, एका गोलंदाजाला ८, आणि रन-अप १५ यार्डांत. वेगवान गोलंदाजांची पंचाईत, आणि शॅकल्टनसाठी जणू मापाने शिवलेला सदरा. हॅम्पशरने त्याला रविवारी खेळवलं. पुढे डॉर्सेटकडून मायनर काउंटीज (प्रथम श्रेणीच्या खालच्या काउंटींची स्पर्धा), कॅनफर्ड शाळेत प्रशिक्षक, १९७९ ते १९८१ प्रथम श्रेणी पंच. मुलगा ज्युलियन ग्लॉस्टरशरकडून खेळला. शॅकल्टन स्वतः २००७ च्या सप्टेंबरमध्ये गेला, वय ८३.

आडवी बॅट

म्हणजे १९६९ ला हात चालू होता! केनेडीला गाठायला १७ बळी कमी होते ना? ४.४ च्या हिशोबाने चार सामने फक्त. टाकायचे की तीन दिवसांचे चार सामने.

स्कोअरबुक

रविवारचे बळी प्रथम श्रेणीत धरत नाहीत. तो हिशोब २८५७ वरच बंद झाला.